परार्धापलीकडचं आकाश, तासाला तीस सेंट

१२ डिसेंबर १९२१. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरात एक अविवाहित बाई कर्करोगाने गेल्या. वय ५३. मागे राहिलेल्या चीजवस्तूंची रीतसर यादी झाली. पुस्तकांचं कपाट, घडीचा पडदा, एक रग, टेबल, खुर्च्या, पलंग, गाद्या आणि थोडे सरकारी रोखे. सगळ्याची बेरीज ३१४ डॉलर ९१ सेंट.

बाईंचं नाव हेन्रिएटा स्वान लेविट. विश्व केवढं आहे हे मोजायची पट्टी माणसाच्या हाती पहिल्यांदा आली ती या बाईंमुळे. ती पट्टी किती लांब पोचते, हे सांगायला ३१४ डॉलरांच्या यादीपासून बरंच दूर जावं लागेल. आणि जाताना आपल्या शाळेतली जुनी अंकमाला सोबत घ्यावी लागेल.

एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ज्यांनी हे एका दमात म्हटलं आहे त्यांना परार्धावर येऊन थांबतानाचा श्वास आठवत असेल. एकावर सतरा शून्यं. याच्यापुढे मोजायला काही नसणारच, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती.

आता प्रकाशवर्ष घ्या. प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते साधारण साडेनऊ महापद्म किलोमीटर. म्हणजे एक परार्ध किलोमीटर झाले जेमतेम साडेदहा हजार प्रकाशवर्षं. आपल्या आकाशगंगेचं केंद्र इथून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिथवर पोचायलाच जवळजवळ अडीच परार्ध लागतात. आपल्याच घराच्या माजघरापर्यंत जाताना अंकमाला संपते, अंगणाची गोष्ट तर दूरच.

आणि १९०० सालच्या आसपास खात्रीने मोजलेली ताऱ्यांची अंतरं कुठवर पोचली होती? शंभरेक प्रकाशवर्षांच्या आतबाहेर. साडेनऊ जलधी किलोमीटर. परार्ध गाठायला त्याच्या शंभरपट पुढे जायला हवं होतं, आणि जायची वाट नव्हती.

वाट का नव्हती हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ताऱ्याचं अंतर मोजायची तेव्हाची एकच भरवशाची रीत होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात किंचित इकडेतिकडे सरकलेला दिसतो. त्या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. कोन कळला की अंतर कळतं. फ्रीडरिश बेसेलने १८३८ मध्ये हंस समूहातल्या एका ताऱ्याचा पराशय मोजून दाखवला तेव्हा ही रीत सिद्ध झाली. पण कोन केवढा? सर्वांत जवळच्या ताऱ्यांपैकी एक म्हणजे दक्षिणेचा मित्र तारा, ४.४ प्रकाशवर्षांवरचा. त्याचा पराशय म्हणजे अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं ७ किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा. तारा हजार प्रकाशवर्षांवर असेल तर तेच नाणं दीड हजार किलोमीटर दूर धरायचं. दोन लाख प्रकाशवर्षांवर असेल तर नाणं तीन लाख किलोमीटरवर न्यायचं, म्हणजे चंद्राच्या वाटेवर तीन चतुर्थांशाहूनही पुढे. एवढा कोन मोजणारी दुर्बीण त्या काळी कुणाकडेच नव्हती.

लेविटबाईंनी कोन मोजलाच नाही. त्यांनी काचेवरचे काळे ठिपके मोजले.

हार्वर्ड कॉलेजच्या वेधशाळेत १८७७ ते १९१९ एडवर्ड पिकरिंग संचालक होते. आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटांवर घ्यायचे आणि तेही सगळ्या आकाशाचे, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा, असा त्यांचा ध्यास. १८८५ पासून हा संग्रह वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या शेवटी तो पाच लाखांच्या वर पोचला. नेहमीची प्लेट ८ इंच बाय १० इंच. पाच लाख प्लेटा लांबीला लांबी जोडून मांडल्या तर मुंबईहून निघालेली रांग लोणावळा मागे टाकून पुण्याच्या वेशीशी येते. एकेक प्लेट पाच मिनिटं पाहायची आणि रोज आठ तास तेच करायचं म्हटलं, तर एका माणसाला सुट्टी न घेता चौदा वर्षं लागतील. आणि पाच मिनिटांत एका प्लेटचं काहीच होत नाही, कारण एकेकीवर हजारो तारे असतात.

हे बघायचं कुणी? रात्री दुर्बिणीवर पुरुष. दिवसा काचेसमोर बायका. त्यांच्या हुद्द्याचं नाव कॉम्प्युटर. यंत्राला ते नाव मिळायच्या कितीतरी आधी आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. पिकरिंग यांच्या कारकिर्दीत अशा ऐंशीहून जास्त बायकांनी तिथे काम केलं. दिवसाचे सात तास, आठवड्याचे सहा दिवस, तासाला २५ सेंट, फार झालं तर ३५. पंचवीसच्या दराने आठवड्याला साडेदहा डॉलर. तेवढ्याच पैशात पुरुषांपेक्षा जास्त बायका कामाला ठेवता येतात, हा हिशेब त्यामागे होता.

या कामाला पैसा पुरवणाऱ्यांत दोन बायका होत्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८८६ च्या मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेरी ॲना ड्रेपर यांनी आपल्या दिवंगत पतीच्या नावाने हार्वर्डला ताऱ्यांच्या वर्णपटांच्या कामासाठी निधी द्यायला सुरुवात केली. १८८९ मध्ये कॅथरीन ब्रूस यांनी एका मोठ्या फोटो-दुर्बिणीसाठी ५० हजार डॉलर दिले. तासाला २५ सेंटच्या दराने ही रक्कम दोन लाख तासांची मजुरी होते. म्हणजे एका कॉम्प्युटर बाईचं एक्याण्णव वर्षांचं काम.

या बायकांतली पहिली मोठी असामी म्हणजे विल्यमिना फ्लेमिंग. जन्म १८५७ चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा. नवऱ्याबरोबर बोस्टनला आल्या, पोटात मूल असताना नवरा सोडून गेला. पोटासाठी पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या. १८८१ पासून वेधशाळेत कायमच्या कामाला लागल्या आणि थोड्याच वर्षांत सगळ्या बायकांच्या कामावर देखरेख करू लागल्या. १८९० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटांची पहिली मोठी सूची आली, १०,३५१ ताऱ्यांची. त्यातली वर्गवारी मुख्यतः त्यांची. हयातीत त्यांनी ३१० च्या वर रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे, ५९ अभ्रिका आणि १० नवतारे शोधले.

मृग नक्षत्र सगळ्यांच्या ओळखीचं. त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे, त्यांतल्या सर्वांत पूर्वेकडच्या ताऱ्याच्या खालच्या अंगाला, उजळ पार्श्वभूमीवर एक काळी खाच आहे, घोड्याच्या डोक्यासारखी. खगोलशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक सचित्र पुस्तकात तिचा फोटो असतो. ते डोकं साडेतीन प्रकाशवर्षं उंच आहे, म्हणजे सुमारे तेहतीस महापद्म किलोमीटर. १८८८ मध्ये एका प्लेटवर ती खाच पहिल्यांदा फ्लेमिंगबाईंना दिसली. पण पुढे युरोपात जी अधिकृत सूची छापली गेली तिच्यात या भागातल्या शोधाचं श्रेय पिकरिंग या नावाखाली गेलं. बाईंचं नाव नाही. १८९९ मध्ये हार्वर्डने त्यांना फोटोसंग्रहाच्या अभिरक्षक केलं, असा हुद्दा मिळालेल्या त्या तिथल्या पहिल्या स्त्री. पगार वर्षाला १५०० डॉलर, पुरुष सहायकांना २५००. १९०० सालच्या रोजनिशीत त्यांनी ही तफावत स्पष्ट लिहून ठेवली आहे. एकटीने मुलगा वाढवणारी, घर चालवणारी बाई हिशेब कसा विसरेल?

ॲनी जंप कॅनन यांचा आकडा मात्र असा आहे की मी तो पुन्हा पुन्हा तपासला. स्वच्छ, अंधाऱ्या जागी, सगळं आकाश दोन्ही गोलार्धांतून बघितलं तर नुसत्या डोळ्यांना साधारण सहा हजार तारे दिसतात. कॅननबाईंनी आयुष्यात सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. एकटीने. म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशासारखी पन्नासहून जास्त आकाशं.

दुर्बिणीच्या तोंडाशी लोलक बसवला की प्लेटवर ठिपक्याऐवजी प्रत्येक ताऱ्याची छोटी फिकट पट्टी, म्हणजे वर्णपट, उमटते. तिच्यावर आडव्या बारीक रेघा. त्या रेघांवरून ताऱ्याचं तापमान ओळखता येतं. भिंगातून पट्टी बघायची, वर्गाचं अक्षर पुकारायचं, शेजारी बसलेल्या मदतनीस बाईंनी ते टिपायचं. कॅननबाईंना ऐकू जवळजवळ येत नव्हतं. त्यांची नजर मात्र अशी तयार झाली होती की सलग काम चालू असताना मिनिटाला तीन तारे. १९११ ते १९१५ या चार वर्षांत महिन्याला सरासरी पाच हजार. १९१८ ते १९२४ दरम्यान नऊ खंडांत छापलेल्या हेन्री ड्रेपर सूचीत २,२५,३०० तारे आहेत. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर दिवसाला दोनशे. २५ सेंटच्या दराने हिशेब केला तर एका ताऱ्याची मजुरी एका सेंटाहून कमी. दर दुप्पट धरला तरी पावणेदोन सेंट.

आणि हे नुसतं मोजणं नव्हतं. आधीच्या वर्गवारीतली अक्षरं त्यांनी कमी केली आणि उरलेली तापमानाच्या उतरत्या क्रमाने लावली. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. ओ म्हणजे तीस हजार अंशांच्या वरचा निळा, एम म्हणजे तीन हजारांच्या आसपासचा तांबूस. आपला सूर्य जी. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ही पद्धत स्वीकारली आणि आजही जगातली प्रत्येक वेधशाळा तीच वापरते. ऑक्सफर्डने १९२५ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ज्या हार्वर्डमध्ये त्या १८९६ पासून रोज जात होत्या, त्याने त्यांना विद्यापीठाची रीतसर नेमणूक दिली १९३८ मध्ये. बेचाळीस वर्षांनी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर.

आता लेविटबाई. जन्म ४ जुलै १८६८. हार्वर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं (ते सुरू व्हायला १९६३ उजाडलं), म्हणून शेजारीच बायकांसाठी काढलेल्या संस्थेत त्या शिकल्या, तीच पुढे रॅडक्लिफ कॉलेज झाली. वेधशाळेत सुरुवातीला बिनपगारी. पुढे १९०२ पासून तासाला ३० सेंट. इतरांपेक्षा पाच सेंट जास्त, कारण पिकरिंग यांना त्यांची पारख होती. त्यांचंही ऐकू येणं कमी होत गेलं होतं.

त्यांच्याकडे काम आलं रूपविकारी ताऱ्यांचं, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं त्या ताऱ्यांचं. एका रात्रीची मूळ प्लेट, तिच्यावर तारे काळे ठिपके. दुसऱ्या रात्रीच्या प्लेटची उलटी प्रत, तिच्यावर तारे पांढरे. एकीवर एक ठेवायच्या. ज्याचं तेज बदललं नाही त्याचा काळा पांढऱ्यात झाकला जातो. ज्याचं बदललं त्याची कड उघडी पडते. मग त्याच्याशेजारी छोट्या काचेच्या तुकड्यावर छापलेले ठरावीक तेजाचे ठिपके धरून तुलना. त्या तुकड्याला वेधशाळेत माश्या मारायच्या चापटीवरून नाव पडलं होतं, एवढीशी चापटी की तिने माशी मरायची नाही. अशी तुलना करत लेविटबाईंनी २,४०० च्या आसपास रूपविकारी तारे शोधले. त्या काळात जगाला माहीत असलेल्यांपैकी साधारण निम्मे.

त्यांतले १,७७७ मॅगेलनी मेघांतले. हे दोन मेघ, मोठा आणि लहान, म्हणजे दक्षिण आकाशातले ताऱ्यांचे पुंजके. केंब्रिजहून ते कधीच दिसत नाहीत. महाराष्ट्राच्या बहुतेक भागातूनही लहान मेघ क्षितिजाच्या वर येत नाही. पेरू देशातल्या आरेकिपा इथे हार्वर्डने एक ठाणं उभारलं होतं, तिथे फोटो घ्यायचे आणि काचेच्या पेट्या समुद्रमार्गे बोस्टनला. जे आकाश आपल्या डोक्यावर कधी येणार नाही त्याच्याकडे लेविटबाई टेबलावर वाकून बघत होत्या.

१९०८ मध्ये हे १,७७७ तारे छापले गेले. त्यांतल्या, लहान मेघातल्या सोळांची उजळण्या-मावळण्याची आवर्तनं त्यांनी काढली होती, आणि एका वाक्यात नोंदवलं होतं की जास्त तेजस्वी ताऱ्यांचं आवर्तन जास्त लांब आहे. १९१२ पर्यंत सोळाचे पंचवीस झाले. सर्वांत छोटं आवर्तन सव्वा दिवसाचं, सर्वांत मोठं १२७ दिवसांचं. आलेखावर मांडले तर पंचवीस ठिपके एका सरळ रेषेच्या आजूबाजूला.

ही रेषाच ती पट्टी. का, ते सांगतो. रात्री समोरच्या डोंगरावर एका वाडीचे दिवे दिसतात. एक मोठा दिसतो, एक मिणमिणता. सगळे एकाच वाडीतले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. तेव्हा मोठा दिसतो तो खरंच मोठा. एरवी आकाशात ही खात्री कधीच नसते. लहान मेघ ही अशी वाडी होती. तिथले सगळे तारे सारखेच दूर, म्हणून लेविटबाईंना दिसलेला संबंध हा ताऱ्यांच्या खऱ्या तेजाचा होता. आता कुठलाही असा तारा कुठेही सापडू दे. त्याचं आवर्तन मोजा. दिवस मोजायला फक्त चिकाटी लागते. दिवसांवरून खरं तेज कळलं. खरं तेज आणि दिसणारं तेज यांची तुलना केली की अंतर आलं. कोन नको, नाणं नको. एखाद्या जवळच्या ताऱ्याचं अंतर वेगळ्या मार्गाने काढून पट्टीवर आकडे कोरायचे, एवढंच उरलं, आणि ते काम पुढच्याच काही वर्षांत इतरांनी केलं.

या ताऱ्यांना सेफीड म्हणतात. इंग्रजीत ज्या समूहावरून ते नाव आलं त्याला मराठीत वृषपर्वा म्हणतात, शर्मिष्ठेचा बाप. त्या समूहातला एक तारा ५.३७ दिवसांनी उजळतो, ते १७८४ मध्येच जॉन गुडरिकला कळलं होतं. तारा फुगतो आणि आक्रसतो म्हणून हे घडतं. जेवढा मोठा आणि तेजस्वी, तेवढा त्याचा श्वास संथ. आपला ध्रुवतारासुद्धा सेफीड आहे. ज्याला आपण अढळ म्हणतो तो साधारण चार दिवसांच्या आवर्तनाने किंचित उजळतो आणि मंदावतो.

१९१२ मध्ये हे पंचवीस ठिपके ज्या पत्रकात छापले गेले ते निघालं पिकरिंग यांच्या सहीने. मिस लेविट यांनी तयार केलं, असा उल्लेख आत आहे. आणि मग त्यांना या ताऱ्यांच्या मागे जाऊ दिलं नाही. वेधशाळेला ताऱ्यांच्या तेजाचं प्रमाण ठरवून हवं होतं. ते काम त्यांच्यावर आलं आणि त्यांनी तेही अजोड केलं. १३ दुर्बिणींच्या २९९ प्लेटा, ध्रुवाजवळचे ९६ तारे, तेजाच्या चौथ्या प्रतीपासून एकविसाव्या प्रतीपर्यंत. म्हणजे सर्वांत उजळ तारा सर्वांत मंद ताऱ्याच्या साठ लाखपटींहून तेजस्वी. एवढी मोठी शिडी, तिची एकेक पायरी हाताने घासूनपुसून बसवलेली. पण माझा जीव त्या पंचवीस ठिपक्यांपाशी हळहळतो. सेसिलिया पेन या नंतरच्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनीही हा निर्णय कठोर होता, त्याने रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास काही दशकं मागे पडला असावा, असं लिहून ठेवलं आहे.

एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक प्रसिद्ध चर्चा झाली. हार्लो शॅप्ली यांनी सेफीड वापरूनच आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षं रुंद ठरवली होती, म्हणजे सुमारे अठ्ठावीस परार्ध किलोमीटर, आणि त्यांच्या मते तेवढंच विश्व होतं. समोर हीबर कर्टिस होते, सर्पिल अभ्रिका म्हणजे स्वतंत्र विश्वं आहेत असं म्हणणारे. निकाल लागला नाही. दीड वर्षाने लेविटबाई गेल्या.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १९२३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांना देवयानीच्या अभ्रिकेत एक ठिपका दिसला. आधी त्यांनी त्याला नवतारा समजून खूण केली, मग ती खोडून रूपविकारी असं उद्गारचिन्हासह लिहिलं. सेफीड. आवर्तन ३१ दिवसांचं. लेविटबाईंच्या रेषेवर ३१ दिवसांचा तारा म्हणजे सूर्याच्या हजारोपट तेजाचा. आणि दिसत होता तो अगदी क्षीण. हिशेबाने अंतर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. शॅप्लींच्या सगळ्या विश्वाच्या तिप्पट. पुढे वॉल्टर बाडे यांनी सेफीड दोन प्रकारचे असतात हे दाखवलं आणि अंतर आणखी वाढलं. आज ते २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. किलोमीटरमध्ये म्हणाल तर दोनशे छत्तीस परार्ध.

शॅप्ली तेव्हा हार्वर्ड वेधशाळेचे संचालक झाले होते. हबल यांचं पत्र त्यांच्या हाती आलं तेव्हा पेनबाई त्याच खोलीत होत्या. ज्या इमारतीतून ती पट्टी निघाली होती तिथेच तिने मोजलेलं हे मोठं अंतर परत आलं.

१९२५ मध्ये स्वीडनचे गणिती मिट्टाग-लेफ्लर यांनी लेविटबाईंचं नाव नोबेलसाठी सुचवायचं म्हणून हार्वर्डला पत्र लिहिलं. त्या जाऊन तीन वर्षं उलटली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. मृतांना नोबेल देत नाहीत.

देवयानी ही तर शेजारीण. १९९४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने ५ कोटी ६० लाख प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतले, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच एका स्वतंत्र विश्वातले, सेफीड वेगळे ओळखले. पाच हजार परार्ध किलोमीटरांच्या पलीकडचा एकेक तारा, आणि रेषा तीच, पंचवीस ठिपक्यांची. त्याहून दूरच्या अंतरांसाठी स्फोट पावणारे तारे वापरतात, पण त्यांचं खरं तेज ठरवायला पुन्हा सेफीडच लागतात. आज आपल्याला पाहता येण्याजोगं विश्व सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षं रुंद आहे आणि त्यात किमान दहा हजार कोटी दीर्घिका आहेत. शॅप्लींच्या विश्वाशी तुलना केली तर रुंदी तीन लाखपट. आकारमान काढायचं तर हा आकडा तीनदा मांडून एकमेकांशी गुणायचा. उत्तर येतं तीनावर सोळा शून्यं, आपल्या अंकमालेत तीन मध्य. लेविटबाई गेल्या तेव्हा शॅप्लींच्या कल्पनेत जेवढं विश्व होतं, त्याच्या तीन मध्य पटींनी मोठ्या विश्वात आज आपण आहोत.

पेनबाईंचं काम वेगळं, पण काचा त्याच. इंग्लंडमध्ये शिकल्या, १९२३ मध्ये हार्वर्डला आल्या. कॅननबाईंनी अक्षरं लावलेले वर्णपट समोर होते आणि मेघनाद साहांचं १९२० चं आयनीभवनाचं समीकरण हाताशी. दोन्ही जोडून त्यांनी तारे कशाचे बनले आहेत हे काढलं. तोवर समज असा की सूर्य साधारण पृथ्वीच्याच द्रव्याचा, फक्त तापलेला. पेनबाईंच्या गणितात हायड्रोजन धातूंच्या दहा लाखपट निघाला. दहा टक्के नव्हे, दसपट नव्हे, दहा लाखपट. वय २५. हेन्री नॉरिस रसेल या दिग्गजाने हे अशक्य म्हटलं, तेव्हा प्रबंधात स्वतःच्याच निष्कर्षाखाली त्यांना लिहावं लागलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल दुसऱ्या मार्गाने त्याच उत्तरावर आले. आज आपल्याला ठाऊक आहे की सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन जाळतो आणि चारशे साठ कोटी वर्षं जाळत आला आहे. त्या सरपणाचा साठा पहिल्यांदा मोजणाऱ्या बाईंचे अभ्यासक्रम १९४५ पर्यंत हार्वर्डच्या माहितीपुस्तकात छापलेच जात नव्हते. प्राध्यापकपद १९५६ मध्ये मिळालं.

पाच लाख काचा अजून हार्वर्डमध्ये आहेत. शंभर वर्षांचं सगळं आकाश दुसरीकडे कुठे साठवलेलंच नाही, त्यामुळे गेल्या काही वर्षांत त्यांतल्या चार लाखांहून जास्त प्लेटा स्कॅन करून संगणकावर आणल्या गेल्या. स्कॅन करायचं तर काच स्वच्छ हवी. पण पुष्कळ काचांच्या मागच्या बाजूला शाईच्या खुणा होत्या. बाण, वर्तुळं, अक्षरं, बारीक आकडे, कुठे प्रश्नचिन्ह. या बायकांच्या हातच्या. आधी खुणांसकट प्लेटचा फोटो घेतला जायचा. मग पातं आणि ओलं फडकं घेऊन शाई काढली जायची. काही निवडक काचा तेवढ्या तशाच ठेवल्या आहेत, न पुसता.